नेत्रबिंदू, औषधी

डोळ्यांची लाली, खाज, जळजळ किंवा संसर्ग यांवर थेट डोळ्यात घालायचे निर्जंतुक, द्रवरूप औषध. बोलण्यात ‘ड्रॉप्स’. बाटल्या सारख्याच दिसल्या तरी आतली औषधे अगदी वेगवेगळी असतात. कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजसारखी वंगणे कोरडेपणावर, ओलोपॅटाडिन ॲलर्जीच्या खाजेवर, तर मॉक्सिफ्लॉक्सासिन किंवा टोब्रामायसिन ही प्रतिजैविके जिवाणूंवर. नॅफाझोलिन रक्तवाहिन्या आकसून लाली तात्पुरती उतरवते. सतत वापरल्यास थांबवताच लाली पुन्हा उसळते.

खरा धोका स्टेरॉइडयुक्त थेंबांचा, कारण त्यांनी आराम पटकन पडतो. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी नाव लेबलावर असेल, किंवा प्रतिजैविकाला जोडून आले असेल, तर ती बाटली डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. बुबुळावर हर्पिस या विषाणूची जखम असल्यास ती या औषधाने चिघळते. काही आठवडे वापर झाला की काहींच्या डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो; हा दाब बहुधा दुखत नाही, म्हणून वेळेत कळत नाही. दीर्घ वापराने मोतीबिंदूही होतो. दर उन्हाळ्यात डोळे चोळणाऱ्या मुलांना जुनी चिठ्ठी दाखवून तेच थेंब वर्षानुवर्षे आणून घालणे, हे भारतात लहान वयातल्या काचबिंदूचे ओळखीचे कारण आहे.

डोळे येण्याची साथ बहुतेकदा विषाणूंची असते. २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात अशी मोठी साथ आली होती. विषाणूंवर प्रतिजैविक चालत नाही. आजार साधारण एकदोन आठवड्यांत आपोआप ओसरतो. घरातल्या सगळ्यांना एकाच बाटलीतून थेंब घातले, तर साथ बाटलीतूनच फिरते.

थेंब घालण्याआधी हात साबणाने धुवावेत. मान मागे करून खालची पापणी बोटाने ओढली की खळगा तयार होतो, त्यात एकच थेंब सोडावा. डोळ्यात सुमारे ३० मायक्रोलिटर द्रव मावतो आणि बाटलीचा एक थेंबच बहुधा तेवढा किंवा त्याहून मोठा असतो. दुसरा गालावर ओघळतो. बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये. नंतर डोळा मिटून नाकालगतचा कोपरा दोनेक मिनिटे दाबावा, नाहीतर औषध अश्रुनलिकेतून नाकात, घशात उतरते (कडू चव येते ती त्यामुळेच). दोन औषधांत किमान पाच मिनिटांचे अंतर हवे, मलम शेवटी. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढावी आणि लाल, दुखऱ्या डोळ्यात परत घालू नये. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहावी. बहुतेक बाटल्या महिन्याभरात टाकून द्याव्या लागतात.

गुलाबपाणी, मध, आईचे दूध हे घरगुती उपाय निर्जंतुक नसतात, म्हणून टाळावेत. तीव्र वेदना, अंधुक दिसणे, उजेड सहन न होणे किंवा बुबुळावर पांढरा डाग दिसल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. तंबाखूच्या चुन्याची पुडी फुटून चुना डोळ्यात उडाला, तर ड्रॉप्स शोधत बसू नये. लगेच स्वच्छ वाहत्या पाण्याने डोळा निदान अर्धा तास धुवावा, पापणीखाली अडकलेले कण निघू द्यावेत आणि मग रुग्णालय गाठावे.