कानातल्या आवाजांवर दोन मिलिॲम्पिअर

नाशिकजवळ एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात वीज मेगावॅटमध्ये मोजतात, अंबड-सातपूरच्या कारखान्यांत ॲम्पिअरमध्ये. नसलेले आवाज ऐकू येणाऱ्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाच्या डोक्याला जी वीज देऊन बघताहेत, ती असते फक्त २ मिलिॲम्पिअर. बाजारात मिळणारा बारका एलईडी दिवा नीट उजळायलाही याच्या पाच-दहा पट वीज लागते. एवढ्याशा विजेनं काय होणार, ही शंका रास्त आहे.

घरच्यांची भीती मात्र नेमकी उलटी असते. डॉक्टरांनी ‘मेंदूला वीज’ एवढं म्हटलं की डोळ्यांपुढे शॉक येतो. आपल्याकडे मुलाला कोणी दिसत नसताना आवाज ऐकू यायला लागले, की बऱ्याच घरांत आधी त्र्यंबकला एखादी शांत होते, वणीला नवस बोलला जातो, ‘बाहेरचं’ बघणारा कोणीतरी सुचवतं आणि मग कधीतरी मानसोपचारतज्ज्ञाची पायरी चढली जाते. तिथे पुन्हा विजेचं नाव निघालं की आई उठूनच उभी राहते. म्हणून आधी हा गोंधळ मिटवू. शॉकचा उपचार १९३८ मध्ये रोममध्ये सुरू झाला. त्यात साधारण ८०० मिलिॲम्पिअरचे अगदी क्षणिक झटके काही सेकंद देऊन मुद्दाम आकडी आणली जाते. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय तो देण्याला आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदी आहे. (सिनेमांनी बदनाम केलेला हा उपचार काही रुग्णांत आजही फार उपयोगी पडतो, पण तो वेगळा विषय.) इथे ज्या उपचाराबद्दल लिहितोय त्याला टीडीसीएस (ट्रान्सक्रेनियल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन) म्हणतात. त्यात भूल नाही, आकडी नाही, रुग्ण जागा असतो.

मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या दोन स्पंजांत रबरी इलेक्ट्रोड घालतात आणि पट्ट्यानं डोक्यावर बसवतात. धनाग्र कपाळाच्या डाव्या बाजूला जरा वर, ऋणाग्र डाव्या कानाच्या वर-मागे. बॅटरीवरचं छोटं यंत्र २० मिनिटं एकाच दिशेनं स्थिर प्रवाह सोडतं. सुरुवातीला खाज येते, मुंग्या आल्यासारखं वाटतं, कातडी लाल होते. कुणाचं डोकं थोडं दुखतं.

स्पंज नेमके तिथेच का? मनातल्या मनात आपण सतत बोलत असतो आणि ते बोलणं आपलंच आहे हे आपल्याला कोणी सांगावं लागत नाही. बोलण्याची आज्ञा तयार करणारा पुढचा भाग त्या आज्ञेची एक प्रत ऐकण्याच्या भागाकडे पाठवतो, आणि तो भाग तेवढ्यापुरता शांत राहतो, असं मानलं जातं. स्किझोफ्रेनियात ही प्रत नीट पोहोचत नसावी. मग स्वतःचाच विचार परक्याच्या आवाजात ऐकू येतो: शेजारच्यांच्या, मेलेल्या आजोबांच्या, पोलिसांच्या. १९९३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी रुग्णाला आवाज ऐकू येत असताना मेंदूतला रक्तपुरवठा मोजला, तेव्हा तो बोलण्याशी संबंधित भागात वाढलेला दिसला. नंतरच्या अभ्यासांतून ढोबळ चित्र असं आलं, की डाव्या कानामागचा भाग गरजेपेक्षा जास्त जागा आणि कपाळामागचा भाग सुस्त. म्हणून पुढे धनाग्र, मागे ऋणाग्र.

आता एवढ्याशा विजेनं काय होणार, त्या शंकेकडे येऊ. चेतापेशी स्वस्थ असताना तिच्या आत-बाहेरच्या विद्युतदाबात सुमारे ७० मिलिव्होल्टचा फरक असतो. तिनं संदेश सोडायचा तर तो साधारण ५५ पर्यंत उतरावा लागतो, म्हणजे १५ मिलिव्होल्टचा धक्का हवा. डोक्यावरून सोडलेल्या २ मिलिॲम्पिअरपैकी बरीच वीज कातडीतून आणि कवटीतूनच निघून जाते. जी मेंदूपर्यंत पोहोचते ती पेशीचा दाब एक मिलिव्होल्टनंही हलवत नाही. गप्प पेशीला बोलतं करण्याची ताकद तिच्यात नाहीच. पण त्याच क्षणी लाखो पेशी आधीच उंबरठ्यावर असतात. त्यांचा तोल किंचित इकडे-तिकडे झाला की कोणी थोडी आधी संदेश सोडते, कोणी थांबते. हे २० मिनिटं चाललं की पेशींमधल्या जोडण्यांवर परिणाम उरतो. २००० मध्ये जर्मनीत ग्योटिंगेनला निट्शे आणि पाउलुस यांनी निरोगी माणसांत दाखवलं की मेंदूतल्या हालचालीच्या भागाची उत्तेजनक्षमता अशा विजेनं ४० टक्क्यांपर्यंत बदलते. पुढच्याच वर्षी त्यांनी १३ मिनिटांच्या प्रवाहाचा परिणाम वीज बंद केल्यावरही दीड तासापर्यंत टिकल्याचं नोंदवलं. शंकेचं निम्मं उत्तर इथे आहे: वीज मेंदूला काही करायला लावत नाही, चालू असलेल्या कामाला किंचित कल देते.

उरलेलं निम्मं उत्तर रुग्णांकडून यायला हवं, आणि ते तितकं सरळ नाही. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों इथे ब्रुनलां आणि सहकाऱ्यांनी औषधांना दाद न देणारे आवाज असलेल्या ३० रुग्णांवर चाचणी केली. दिवसातून दोनदा, पाच दिवस. निम्म्यांना लुटुपुटीचा उपचार, म्हणजे सुरुवातीची खाज येण्यापुरती वीज देऊन नंतर बंद. खरी वीज मिळालेल्यांत आवाजांची तीव्रता सरासरी ३१ टक्क्यांनी उतरली आणि फरक तीन महिने टिकला. बंगळुरूच्या निम्हान्सच्या छोट्या चाचणीतही फायदा दिसला. पण २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या ५४ रुग्णांच्या चाचणीत खरा आणि लुटुपुटीचा, दोन्ही गट सारखेच सुधारले. रोज कोणीतरी आपुलकीनं विचारपूस करतं, डोक्याला काहीतरी लावतं, यानंही माणसाला बरं वाटतं. हा परिणाम खोटा नाही, फक्त तो विजेचा नाही.

त्यात धनाग्र चेतवतं, ऋणाग्र शांत करतं, हे सोपं समीकरणही डळमळीत आहे. हालचालीच्या भागावर १ मिलिॲम्पिअरचं ऋणाग्र पेशींना शांत करतं. तेच २ मिलिॲम्पिअर करून २० मिनिटं ठेवलं तर उलट चेतवतं, असं २०१३ मध्ये दिसलं. म्हणजे ज्या तर्कावर स्पंजांच्या जागा ठरवल्या, तोच उपचाराच्या मात्रेला पुरता लागू पडत नाही. माझ्या मते या क्षेत्राची खरी अडचण हीच आहे. यंत्र बनवणं सोपं, मात्रा ठरवणं महाकठीण.

मला जास्त आशादायक वाटतो तो ब्राझीलचा २०२० चा अभ्यास, आणि तो आवाजांबद्दल नाहीच. स्किझोफ्रेनियाची दुसरी बाजू म्हणजे बोलणं आटणं, आंघोळीचाही कंटाळा, कशातच रस न उरणं. घरचे याला आळस म्हणतात, आणि गोळ्यांचा यावर फारसा इलाज चालत नाही. साओ पाउलो राज्यातल्या १०० रुग्णांच्या या चाचणीत खरी वीज मिळालेल्या ५० पैकी २० जणांत ही लक्षणं निदान २० टक्क्यांनी कमी झाली, लुटुपुटीच्या गटात फक्त दोघांत. हा पूर्ण इलाज नाही, पण ज्या घरात मुलगा वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडलाय तिथे हा फरक लहान नाही.

या साऱ्या चाचण्यांत रुग्णांची औषधं चालूच होती. गोळ्या सोडून वीज घ्यायची, असा पर्याय यांत तपासलेला नाही. धूम्रपानाचाही संबंध आहे: ल्योंच्याच गटाला विडी-सिगारेट ओढणाऱ्या रुग्णांत या विजेचा परिणाम दिसला नाही. निकोटीन पेशींच्या जोडण्यांवरच काम करतं, त्यामुळे हे पटण्यासारखं आहे. सिन्नरच्या विड्यांचा हा जिल्हा. हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही तर आपण सांगावा.

आणि कारखान्यात वायरिंग केलेल्या मंडळींना एक विनंती. नऊ व्होल्टची बॅटरी आणि चार सुटे भाग यांत असं काहीतरी घरी जुळवता येतं, खरं आहे. पण एप्रिलच्या उन्हात स्पंज वाळला की प्रवाह एका ठिपक्यात एकवटतो आणि कातडी भाजते. चुकीच्या जागी दिलेल्या विजेनं काय होईल, ते तर तज्ज्ञही छातीठोक सांगत नाहीत. कोणी हा उपचार सुचवला तर कोणत्या लक्षणासाठी, किती सत्रं, आणि फरक मोजणार कसा, एवढं नक्की विचारा. सुरुवात कुठून करायची हेच कळत नसेल तर जिल्हा रुग्णालय आहे, आणि टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

सुरगाणा-पेठच्या पाड्यावरच्या कुटुंबापुढे मात्र प्रश्न विजेचा नाही, एसटीचा आहे. दिवसातून दोनदा, पाच दिवस म्हणजे नाशकात मुक्काम आणि आठवड्याची मजुरी बुडाली. नैराश्याच्या रुग्णांना असंच यंत्र घरी देऊन, व्हिडिओ कॉलवर देखरेख ठेवून केलेली १७४ जणांची चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिचा निकाल चांगला आला. पण ज्याला यंत्रातूनच कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय असं वाटू शकतं, त्याच्या हाती ते एकट्यानं देता येणार नाही. त्याच्याशेजारी बसून स्पंज ओला आहे ना ते बघणारी आशाताई किंवा घरचं शिकवलेलं माणूस लागेल.