नमतं कोणी घ्यायचं? रबरी ठशाच्या शुभेच्छापत्राची पार्श्वभूमी

एखादी गोष्ट पक्की झाली की तिच्यावर 'शिक्कामोर्तब' झालं असं आपण म्हणतो. हा शब्द जोडीचा आहे आणि जोडी खरीखुरी होती. मराठेशाहीच्या कागदांवर माथ्याशी शिक्का उमटे आणि मजकूर संपे तिथे मोर्तब, म्हणजे खाली कोणी मागाहून चार ओळी घुसडायला नकोत. धातूचा कोरीव शिक्का, काळी शाई आणि हातकागद एवढाच सरंजाम. आज वडोदऱ्यात संक्रांतीच्या आधी रबरी ठसे घेऊन तिळगुळाची कार्डं करणाऱ्यांच्या टेबलावरचं सामान वेगळं दिसतं, पण अडचण तीच असते. ठसा आणि कागद यांपैकी एकाने नमतं घ्यावं लागतं. दोघेही कडक असले तर शाई ठिपक्याठिपक्यांनी उठते आणि दोघेही मऊ असले तर रेघा फुगतात. या हस्तकलेचा बराचसा इतिहास हे नमतं कोणी घ्यायचं याचाच आहे.

धातूचा शिक्का वाकत नाही, तेव्हा कागदाने किंवा त्याखालच्या बैठकीने नमायचं. कापडावर छपाई करणाऱ्या छिप्यांनी याच तत्त्वावर आपलं टेबल बांधलं. गांधीनगर जिल्ह्यातल्या पेथापूरचे कारागीर सागवानी ठसे कोरतात. नवा ठसा आधी काही दिवस तेलात मुरवतात, नाहीतर लाकूड रंगाचं पाणी पिऊन फुगतं आणि बारीक कोरीव रेघ बसते. छपाईच्या टेबलावर तागाचे आणि कापडाचे थर असतात. ठसा टेकवून त्याच्या पाठीवर तळहाताच्या टाचेने एक ठोका दिला की खालचा थर दबून ठशाच्या सगळ्या कडांना भिडतो. रंगाच्या तबकातही कापडाचे थर भिजवून घालतात, म्हणजे ठसा बुडत नाही, फक्त ओलावतो. स्टॅम्प-पॅड हे या तबकाचंच कचेरीत गेलेलं भावंड म्हणायला हरकत नाही.

रबराने हा हिशेब उलटा केला. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत तडके, त्यामुळे त्याचा ठसा होणं शक्यच नव्हतं. गंधक घालून तापवलं की रबर टिकाऊ आणि लवचीक होतं, हे अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये शोधलं आणि १८४४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. दातांच्या कवळ्या अशाच गंधकी रबराच्या होऊ लागल्या. त्यासाठी दंतवैद्यांकडे जी छोटी तापवायची भांडी असत, त्यांतच १८६०च्या दशकात पहिले रबरी शिक्के शिजले. आता ठसाच नमतं घेऊ लागला. कडक लाकडी मेजावर, खाली काहीही न अंथरता, कारकुनाला दिवसाला शेकडो कागद शिक्का मारून हातावेगळे करता येऊ लागले.

रबरी शिक्का असा कचेरीसाठी जन्मला. बारीक अक्षरं, पातळ कागद आणि जांभळी शाई हा त्याचा संसार. त्या शाईत रंग असे आणि पॅड सुकू नये म्हणून ग्लिसरीन. हातांनी कार्ड करणाऱ्यांच्या निम्म्या तक्रारींचं मूळ या जन्मकुंडलीत आहे. ग्लिसरीनची शाई कागदात मुरून सुकते. चकचकीत आर्ट कार्डावर ती मुरत नाही, दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते. याउलट सच्छिद्र हातकागदावर ती इतकी मुरते की कडा केसाळ होतात. आणि कचेरीच्या शिक्क्यात भरीव आकार नसतातच. हाताएवढा भरीव कंदील किंवा पतंग त्याच पद्धतीने उठवायला गेलं की मधोमध पांढरे डाग राहतात. अशा वेळी लोक जास्त जोर लावतात, म्हणजे नेमकं उलटं करतात. जोराने कडांची शाई बाहेर फेकली जाते आणि मधला भाग कोराच राहतो. ठसा पॅडवर दाबायचा नाही. पॅडच उलटं धरून ठशावर आठ-दहा वेळा हलकेच टिपायचं, मग ठसा उभा न आदळता टेकवायचा आणि मधून कडांकडे बोटं फिरवायची.

शुभेच्छापत्राचा प्रवाह वेगळीकडून आला. ब्रिटनमध्ये १८४० साली पेनी पोस्ट सुरू झालं आणि पत्र धाडणं सामान्यांच्या आवाक्यात आलं. त्या सुधारणेत हात असलेल्या हेन्री कोलने १८४३ मध्ये जॉन हॉर्सलीकडून चित्र काढवून नाताळचं कार्ड छापलं, किंमत एक शिलिंग. दगडावर छापून पुढे रंग हाताने भरलेलं हे कार्ड होतं, म्हणजे हस्तकला आणि छापील कार्ड यांचं मिश्रण पहिल्या दिवसापासूनच आहे. आपल्याकडे ऑक्टोबर १८५४ पासून टपालाचा दर अंतरावर नव्हे, वजनावर ठरू लागला आणि १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. पुढे छापील शुभेच्छापत्रं उघड्या पाकिटातून 'बुक पोस्ट'ने स्वस्तात जात. पाकिटाची जीभ चिकटवायची नाही, आत खोचायची, आणि आत खाजगी मजकूर नको, अशी अट होती. म्हणून जुन्या कार्डांवर शुभेच्छा छापलेली आणि खाली फक्त सही दिसते. तो रुक्षपणा नव्हता, काटकसर होती.

वडोदऱ्यात हे सगळे धागे लवकर एकत्र आले. सयाजीराव गायकवाडांच्या दरबारी राजा रविवर्म्याने चित्रं केली. ही चित्रं छापून घरोघरी पोचवावीत असं त्याला सुचवणारे टी. माधवराव हे बडोद्याचेच माजी दिवाण. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला. इकडे १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जरांच्या पुढाकाराने कलाभवन उघडलं, तिथे रंगाई, छपाई, चित्रकला आणि सुतारकाम या गोष्टी धंदा म्हणून शिकवल्या जात. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याच्या कितीतरी आधी इथे शिकून गेले. १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं आणि १९१० पासून ग्रंथालयांचं जाळं विणलं गेलं. ग्रंथालय म्हटलं की पुस्तकागणिक शिक्का आलाच. पत्र लिहू शकणारी माणसं आणि शिक्के करणारी दुकानं, दोन्ही एकाच काळात वाढली.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं आणि त्याच्या ललितकला शाखेने छापचित्राला, म्हणजे लाकूडठसा, लिनो (लिनोलियमच्या मऊ तक्त्यावर कोरलेला ठसा) आणि स्क्रीन (जाळीतून शाई गाळून केलेली छपाई) यांना, चित्राच्या पंगतीत बसवलं. इंदूरचे ना. श्री. बेंद्रे इथे चित्रकला शिकवत. शांतिनिकेतनात शिकलेले के. जी. सुब्रमण्यन १९५१ मध्ये इथे आले. त्यांचे गुरू नंदलाल बोस साध्या पोस्टकार्डांवर चित्रं काढून शिष्यांना पाठवत, हे प्रसिद्धच आहे. कार्ड हे चित्रकाराने हात घालण्याजोगं काम आहे ही समजूत त्या परंपरेत मुरलेली होती. युरोपातही कुर्ट श्वीटर्स या जर्मन चित्रकाराने १९१९ च्या सुमारास कचेरीचे शिक्के चित्रांत वापरले होते आणि पुढे अमेरिकेत टपालातून चित्रं पाठवणाऱ्यांनी ते उचलून धरले. छंद म्हणून ठशांचे संच विकणारी दुकानं त्यानंतरची. आपल्याकडे १९७९ मध्ये आर्चीज ही शुभेच्छापत्रांची कंपनी आल्यावर तयार कार्डांची लाट आली आणि मोबाइलवरच्या शुभेच्छांनी ती ओसरली. आज जे हाताने कार्ड करतात ते त्यामुळे स्वस्तासाठी करत नाहीत. एका कार्डाला तासभर लागतो, आणि तो तास दिसावा हीच त्यातली गंमत.

दिसायचा तर घडी नीट हवी, आणि सगळ्यात जास्त कार्डं घडीवरच बिघडतात. कागदाचे तंतू एका दिशेने पडलेले असतात. घडी तंतूंना समांतर असेल तर गुळगुळीत बसते, आडवी गेली तर तडकते आणि रंगीत कागदावर पांढरी रेघ उमटते. बाजारातल्या बहुतेक ए-फोर तावात तंतू लांबीच्या, म्हणजे २९७ मिलिमीटरच्या दिशेने असतात. असा ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) अख्खा ताव मधोमध दुमडला की घडी तंतूंवर आडवी पडते. तोच ताव आधी कापून १४८.५ बाय २१० चे दोन तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा २१० च्या मध्यावर, म्हणजे १०५ वर दुमडला, की घडी तंतूंच्या बरोबर येते. एका तावात दोन कार्डं होतात आणि एकही तडकत नाही. शंका असेल तर ताव न दुमडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा, सहज वाकेल ती दिशा घडीची. घडीआधी पट्टी धरून रिफिल संपलेल्या बॉलपेनने रेघ ओढायची. रेघेच्या पाठीवर जो उंचवटा येतो तो घडीच्या आत गेला पाहिजे. सहज हात जातो तो उलट बाजूला.

मराठी कार्डांची खास अडचण अक्षरांची. तयार संचांत 'हॅपी बर्थडे' मुबलक असतं, 'तिळगूळ घ्या, गोड बोला' शिक्केवाल्याकडूनच करून घ्यावं लागतं. पूर्वी तो छापखान्यातले अक्षरांचे खिळे जुळवायचा, त्यांचा साचा घ्यायचा, त्यावर कच्च्या रबराची चकती ठेवून तापत्या दाबयंत्रात साधारण दीडशे अंशांवर दहाएक मिनिटं शिजवायचा. दुकानात गंधकाचा वास कोंदलेला असे. नंतर पॉलिमर आलं. निगेटिव्ह काचेवर ठेवून त्यावर पातळ राळ ओततात, अतिनील दिव्याखाली उजेड लागेल तेवढा भाग घट्ट होतो, उरलेला साबणाच्या पाण्याने धुऊन जातो. आता बहुतेक दुकानदार विचारल्याबरोबर 'फ्लॅश' पुढे करतात, ज्याच्या पोटातच शाई भरलेली असते. कार्डासाठी तो घेऊ नये. रंग बदलता येत नाही आणि त्याच्या शाईवर उठावाची पूड, म्हणजे वितळून अक्षर उंचावणारी पूड, धड बसत नाही. नुसतं पॉलिमर, मुठीशिवाय, मागावं. अक्षर ठसठशीत निवडावं. बारीक टाइपात शिरोरेघ मध्येच तुटते, 'ष' आणि 'ध' यांची पोटं शाईने भरून जातात, आणि मिलिमीटरभराहून बारीक अनुस्वार चार धुण्यांत झडून जातो. मग 'संक्रांत'ची 'सक्रात' होते.

हे पारदर्शक पॉलिमर अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्याला चिकटवून वापरतात. जुन्या रबरी शिक्क्यात रबर आणि मूठ यांच्यामध्ये स्पंजाचा थर असे, इथे तो नसतो. ठसा पुन्हा कडक बाजूला सरकला, म्हणून छिप्यांचं टेबल परत आठवावं लागतं. कार्डाखाली माउस पॅड किंवा जुन्या वर्तमानपत्राच्या सात-आठ घड्या घातल्या की ठसा स्वच्छ उठतो. रॉकेल किंवा पेट्रोलने ठसे पुसणारे आहेत. त्याने रबर फुगतं आणि पुन्हा सपाट होत नाही. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ टूथब्रश पुरे. वाळवायचं सावलीत, कारण उन्हात पॉलिमर पिवळं पडून ठिसूळ होतं.

उठावाच्या छपाईचा मसाला लग्नपत्रिका छापणाऱ्यांच्या ओळखीचा आहे. ओल्या शाईवर राळेची पूड भुरभुरवायची, जादाची झटकायची आणि उष्णतेने वितळवायची. ग्लिसरीनची शाई उशिरा सुकते, हा तिचा कचेरीतला दोष इथे गुण ठरतो. केस वाळवायचं यंत्र चालत नाही, ते पूड उडवतं आणि पुरेसं तापतही नाही. हीट गन नसेल तर कार्ड गरम तव्याच्या चार-पाच सेंटिमीटर वर, पालथं न करता, धरावं. दाणेदार पूड एकदम चमकली की लगेच बाजूला घ्यावं. आणखी दोन क्षण थांबलं तर ती कागदात मुरते आणि तेलकट डाग दिसतो. पावसाळ्यात वडोदऱ्याच्या दमट हवेत पूड नको तिथेही चिकटते, बोटांचे ठसे सोनेरी होऊन उमटतात. ठसा मारण्याआधी पातळ फडक्यात बांधलेली टाल्कम पावडर कागदावरून फिरवली की हे टळतं.

शाळेत ज्यांनी भेंडीचे ठसे मारले त्यांना या साऱ्याची तोंडओळख असतेच. कापलेल्या भेंडीचा पाच पाकळ्यांचा आकार फुलासारखा उठतो, पण चिकट रस आधी वाळू द्यावा लागतो, आणि बटाट्याच्या ठशातून सुटणारं पाणी कापडाने टिपून दहा मिनिटं थांबावं लागतं. नाहीतर रंग पातळ होऊन पसरतो. कागदाच्या पट्ट्या गुंडाळून फुलं करण्याची क्विलिंगची कला युरोपातल्या मठांतून आली म्हणतात. त्यासाठी ३ किंवा ५ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या लागतात. उत्तरायणात उरलेला पतंगाचा कागद वरून लावायला फार सुंदर दिसतो, पण फेविकॉलच्या पाण्याने त्याचा रंग सुटून पांढऱ्या कार्डावर उतरतो. तिथे कोरडी ग्लू स्टिक किंवा दुहेरी टेपच हवी.

पाकिटात काटेरी हलव्याचे दाणे घालून पाठवण्याची हौस जुनी आहे. टपालात तिकिटावर तारखेचा ठप्पा पडतो, तो हातोडीसारखा बसतो, आणि दाणे तिकिटाच्या कोपऱ्याकडे सरकलेले असले तर पोचतो तो साखरेचा चुरा. म्हणून दाणे छोट्या कागदी पुडीत घालून, ती पुडी कार्डाच्या आतल्या बाजूला डाव्या खालच्या कोपऱ्यात चिकटवतात. तिकीट उजवीकडे वर असतं.