वृद्धाश्रमातले भयपट: भुताची भीती आणि माणसाची भीती

वृद्धाश्रमात घडणारा भयपट आला की त्याला सरसकट ‘सायकॉलॉजिकल हॉरर’, म्हणजे मानसशास्त्रीय भयपट, म्हटलं जातं. कारण उघड आहे. मुख्य पात्र म्हातारं असतं, शरीर थकलेलं असतं, रात्री त्याला काहीतरी दिसतं आणि सकाळी त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. पण एवढ्याने चित्रपट मानसशास्त्रीय ठरत नाही. हीच मांडणी अलौकिक भयपटातही चपखल बसते. दोन्हींतला खरा फरक मला एकाच जागी दिसतो: म्हाताऱ्या माणसाच्या शब्दाचं पुढे काय होतं.

दोन चित्रपट शेजारी ठेवून बघू. अ‍ॅक्सेल कॅरोलिन यांचा ‘द मॅनर’ (२०२१) आणि जेम्स अ‍ॅशक्रॉफ्ट यांचा ‘द रूल ऑफ जेनी पेन’ (२०२४). पहिल्याचा शेवट पुढे उघड होणार आहे, बघायचा असेल तर आधी बघून या. दोन्हींची सुरुवात इतकी सारखी आहे की नुसती कथा ऐकली तर गल्लत व्हावी. ‘द मॅनर’मध्ये बार्बरा हर्शी यांची ज्युडिथ, एकेकाळची नर्तिका, सत्तराव्या वाढदिवशीच पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन कोसळते आणि वृद्धाश्रमात जाते. ‘जेनी पेन’मध्ये जेफ्री रश यांचा न्यायाधीश स्टीफन मॉर्टेन्सन याला भर कोर्टात झटका येतो आणि तो न्यूझीलंडमधल्या एका केअर होममध्ये पोहोचतो. दोघांचंही डोकं तल्लख, दोघांनाही आपण इथले नव्हेत असं वाटतं. रात्री मात्र खोलीत कुणीतरी येतं.

इथून वाटा फुटतात. ज्युडिथला दिसतं ते माणूस नाही. शेजारच्या पलंगावरच्या बाईवर काहीतरी ओणवं झालेलं तिला दिसतं. कर्मचारी म्हणतात, वयाचा परिणाम. घरच्यांनाही तेच पटतं. प्रेक्षक म्हणून आपणही बराच वेळ त्याच प्रश्नात अडकतो: हिला खरंच दिसतंय की भास होतोय? गंमत म्हणजे हा प्रश्न आपण मानसशास्त्रीय भयपटाची खूण मानतो, आणि तो इथे चालवतोय एक अलौकिक भयपट. कारण उत्तर शेवटी मिळतं. काही रहिवासी जादूच्या जोरावर इतरांचं आयुष्य शोषून तरुण होत असतात. ज्युडिथ वेडी नव्हती. तिचा शब्द खरा ठरतो.

‘जेनी पेन’मध्ये हा प्रश्न जवळपास नाहीच. जॉन लिथगो यांचा डेव्ह क्रीली हाडामांसाचा माणूस आहे, त्याच इमारतीतला एक रहिवासी. दिवसा तो गोंधळलेला, निरुपद्रवी म्हातारा दिसतो. रात्री हातात बाहुली चढवून खोल्यांमध्ये शिरतो आणि लोकांना छळतो. तो हे करतो हे आपल्याला स्वच्छ दिसतं. तरीही चित्रपट मानसशास्त्रीय आहे, कारण मानसशास्त्रीय भय म्हणजे ‘सगळं डोक्यात घडलं’ असं नव्हे. घडलेलं खरं असतं. ते सांगणाऱ्याचं वजन संपलेलं असतं, आणि भीती त्या संपण्यात असते. आयुष्यभर ज्याच्या एका वाक्यावर लोक तुरुंगात गेले, त्याची तक्रार आता गोंधळलेल्या पेशंटची बडबड म्हणून बाजूला सारली जाते. त्याच्या खोलीतला सोबती टोनी, जॉर्ज हेनारे यांनी साकारलेला जुना रग्बीपटू, सगळं जाणतो, पण सुरुवातीला तोंड उघडत नाही. धिप्पाड माणसाला आपण छळलो गेलो हे सांगण्याची लाज वाटते. मला हा धागा संपूर्ण चित्रपटात सर्वांत भेदक वाटतो.

त्या बाहुलीकडे जरा बारकाईने बघायला हवं. तिचे डोळे काढलेले आहेत, त्या जागी नुसती भोकं आहेत. स्मृतिभ्रंश झालेल्यांना हातात धरायला बाहुली देण्याची पद्धत खरोखर आहे. काहींची अस्वस्थता तिच्यामुळे शमते. क्रीली दिलाशाची तीच वस्तू हातमोज्यासारखी चढवतो आणि तिच्यापुढे माणसांना वाकायला लावतो. भुताची गरजच उरत नाही. केअर होममधली नेहमीची वस्तू, नेहमीची रात्रपाळी आणि आतून बंद न होणारं दार एवढं पुरतं.

दोन्ही चित्रपट ज्या एका गोष्टीवर उभे आहेत तिच्याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. म्हाताऱ्या माणसाला रात्री काही दिसलं की ‘वय झालं’ म्हणणं वैद्यकीयदृष्ट्याही चूक आहे. काही तासांत किंवा दिवसांत उद्भवलेला, कमी-जास्त होणारा, अनेकदा रात्री बळावणारा गोंधळ म्हणजे बहुधा डेलिरियम. त्यामागे जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं किंवा एखादं औषध असू शकतं, आणि कारण सापडलं तर बऱ्याचदा तो ओसरतो. स्मृतिभ्रंश सहसा महिन्यां-वर्षांत हळूहळू वाढतो. लुई बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात माणसं किंवा प्राणी स्पष्ट दिसू शकतात. दृष्टी खूप अधू झालेल्यांना बुद्धी शाबूत असूनही आकृती दिसतात. स्विस निसर्गअभ्यासक शार्ल बोने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या बाबतीत हेच नोंदवलं होतं. म्हणजे प्रत्येक ‘दिसलं’मागे शोधण्याजोगं काही असतं, आणि कधीकधी ते खरोखर खोलीत शिरलेलं माणूस असतं.

पुढच्या वेळी असा चित्रपट बघताना कॅमेरा कुठे थांबतो ते पाहा. मुख्य पात्र झोपलेलं किंवा दुसरीकडे असताना धोका पडद्यावर दिसला, तर दिग्दर्शकाने तो खरा असल्याचं तुम्हाला सांगून टाकलेलं असतं. मग बघायचं एवढंच उरतं की तो धोका माणसाचा आहे की पलीकडच्या कशाचा. कॅमेरा पात्राला चिकटून राहिला तर शंका मुद्दाम जिवंत ठेवलेली असते, आणि ती पुढे फेडली जाते की तशीच सोडली जाते यावर प्रकार ठरतो. जंप स्केअर, म्हणजे अचानक दचकवणारे क्षण, किती आहेत याने काही ठरत नाही, ते दोन्हीकडे सापडतात.

‘द मॅनर’चा शेवट मला म्हणूनच जास्त अस्वस्थ करतो, जरी चित्रपट म्हणून ‘जेनी पेन’ कितीतरी सरस आहे. ज्युडिथला सत्य कळतं, ती जिंकू शकते, आणि तरी ती त्याच टोळीत सामील होते. तारुण्य परत मिळत असेल तर दुसऱ्या कुणाचं आयुष्य गेलं तरी चालेल, असा तो निर्णय आहे. नव्वद टक्के अलौकिक असलेला चित्रपट त्या क्षणी माणसाच्या मनात शिरतो. उलट ‘जेनी पेन’ पहिल्यापासून तिथेच आहे. ओवेन मार्शल यांच्या लघुकथेवरून घेतलेल्या या गोष्टीत क्रीलीला कुठलीही शक्ती मिळालेली नाही. तो काय करतोय हे बघायला रात्री त्या मजल्यावर कुणी नसतं, एवढीच त्याची ताकद.