गरिबी आणि बालशिक्षण : मुंबई

घरच्या गरिबीचा मुलाच्या शाळेत टिकण्यावर, शिकण्यावर आणि तब्येतीवर होणारा परिणाम. त्याचे मुंबई शहरात दिसणारे रूप. महाराष्ट्राच्या ऊसतोड पट्ट्यात हंगाम लागला की मूल आईबापांबरोबर फडावर जाते आणि शाळा तुटते. मुंबईत पालिकेची शाळा बहुधा चालत जाण्याच्या अंतरावर असते, फी नसते, पटावर नावही असते. तरी मुले मागे पडतात, कारण इथली गरिबी मुलाची जागा, त्याचा वेळ आणि त्याचा पत्ता खाते.

२०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांवर होती. त्यातले सुमारे ५२ लाख लोक झोपडपट्टीत राहत होते. दहा बाय दहाची खोली, कोपऱ्यात मोरी, जमले तर पोटमाळा आणि घरात पाच-सहा माणसे. मूल गृहपाठाला उंबऱ्यात बसते. गल्लीतून कोणी आले की पाय आवरायचे, वही उचलायची, माणूस गेला की पुन्हा मांडायची. रात्री अंथरुणे पडली की दिवा बंद होतो आणि अभ्यास तिथेच संपतो. दहावीच्या मुलांना वस्तीतल्या एखाद्या अभ्यासिकेचा किंवा समाजमंदिराचा आधार असतो. पण मुलीला रात्री तिथे पाठवायला घरचे सहसा तयार नसतात.

वेळेचे नुकसान तर कुठे मोजलेच जात नाही. अनेक वस्त्यांत नळाला पाणी ठरावीक तासच असते आणि हंडे-कळश्या भरण्याचे काम थोरल्या मुलीकडे येते. आई धुणीभांड्याला गेली, बाप नाक्यावर गेला, की धाकट्याला सांभाळायलाही तीच. हजेरीपटात तिच्या नावापुढे फक्त गैरहजेरीची खूण पडते. शिवाय घरी आणलेले काम असते: खोट्या दागिन्यांना खडे चिकटवणे, टिकल्या पाकिटात भरणे, कपड्यांचे धागे कापणे. पैसे नगावर मिळतात, म्हणून घरातले सगळे हात लागतात. बालमजुरीविरोधी कायदा १९८६चा. २०१६च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालच्या मुलांना सर्वच कामांवर बंदी आली, मात्र शाळेच्या वेळेनंतर घरच्या व्यवसायाला मदत करण्याची मुभा राहिली. दाराआडचे नगावरचे काम या मुभेच्या आडोशाने चालत राहते, आणि ते शोधायला घरोघर कोणी जात नाही.

कमावत्याची नोकरी गेली की पहिला घाव शिक्षणावर पडतो, हे गिरणगावाने अनुभवले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप लांबला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि कितीतरी घरांतली मुले कोवळ्या वयात कामाला लागली. दिवसा काम आणि संध्याकाळी वर्ग असे करणाऱ्यांसाठी शहरात रात्रशाळांची जुनी परंपरा आहे.

पत्ता बदलणे हा या शहरातला खास प्रश्न. भाड्याची खोली करार संपला की सोडावी लागते. झोपडे पाडले की सगळेच जाते. रेल्वेमार्गालगतची हजारो कुटुंबे मानखुर्दसारख्या ठिकाणी इमारतींत हलवली गेली. डोक्यावर पक्के छप्पर आले, पण मुलांची शाळा मागे राहिली. पालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांच्या आहेत. मात्र नव्या वस्तीजवळ आपल्याच माध्यमाची शाळा मिळेल याची खात्री नसते. त्यात बहुतेक प्राथमिक शाळा सातवी-आठवीला संपतात आणि पालिकेच्या माध्यमिक शाळा त्यामानाने थोड्या, त्यामुळे गळतीची मोठी जागा नेमकी इथे आहे.

तब्येतीची बाजूही तितकीच गंभीर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. सहा महिने ते पाच वर्षे या वयात जवळपास ६९ टक्के मुलांना रक्तक्षय होता. गोवंडी-देवनारची मुले कचराभूमीच्या धुरात वाढतात. जानेवारी २०१६मध्ये तिथे आग लागली तेव्हा परिसरातील शाळाच बंद ठेवाव्या लागल्या. २०२२च्या अखेरीस गोवरची साथ याच भागात जोरात आली.

यावरच्या उपायांचा इतिहास लांब आहे. महात्मा फुले यांनी १८८२मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे १२ वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. देशभरचा शिक्षण हक्क कायदा २००९चा. तो १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, ही त्यातली तरतूद पदपथावरच्या कुटुंबांसाठी मोलाची. अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास योजना १९७५मध्ये देशात ३३ ठिकाणी सुरू झाली; त्यांत धारावी होती. ‘डोअर स्टेप स्कूल’ (१९८८) आणि ‘प्रथम’ (१९९५) या गरीब मुलांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या संस्थांचे काम मुंबईच्या वस्त्यांतूनच उभे राहिले. पालिका दप्तर, गणवेश, बुटांपासून छत्रीपर्यंत २७ वस्तू देते, आणि शाळेत खिचडी मिळते. ज्या घरी सकाळी चहा-पावावर भागते, तिथल्या मुलासाठी ती खिचडी हे शाळेत येण्याचे अगदी सबळ कारण आहे.

कोविडकाळात हे सगळे आधार एकदम सुटले. वर्ग मोबाइलवर गेले. घरात मोबाइल एक, तोही बापाच्या खिशात, आणि बाप कामावर. मोठ्या वर्गांच्या शाळा ४ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडल्या, धाकट्यांच्या १५ डिसेंबरला. मार्च २०२०मध्ये पहिलीत अक्षरे गिरवत असलेले मूल त्या दिवशी बाकावर येऊन बसले तेव्हा ते तिसरीत होते.