दमसासाचे मोजमाप: दमेकरी मुले, श्वसनस्नायू आणि व्यायाम

मराठीत ‘दमसास’ हा एकच शब्द छातीतल्या श्वासासाठीही वापरला जातो आणि अंगातल्या टिकावासाठीही. चढ न थांबता चढणाऱ्याचा दमसास चांगला, आणि लांब तान एका दमात घेणाऱ्या गायकाचाही. वैद्यकाने मात्र या दोन गोष्टी प्रदीर्घ काळ वेगवेगळ्या दालनांत ठेवल्या. श्वास ओढणाऱ्या स्नायूंची ताकद प्रयोगशाळेतला शरीरशास्त्रज्ञ मोजत असे, तर पळण्याची क्षमता क्रीडाप्रशिक्षक पाहत असे. दमा असलेल्या मुलांच्या बाबतीत ही दोन मोजमापे शेजारी ठेवून पाहण्याची पद्धत त्यामुळेच बऱ्यापैकी अलीकडची आहे.

श्रमाने धाप लागते आणि दमा उसळतो, हे निरीक्षण मात्र जुने आहे. चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी तमकश्वास ढगाळ हवा, पाऊस, थंडी आणि पूर्वेचा वारा यांनी वाढतो आणि बसल्यावर रुग्णाला आराम वाटतो, असे वर्णन आहे; दम्याच्या रुग्णाला रात्री उशीला टेकून बसलेले ज्याने पाहिले आहे, त्याला ते लगेच पटेल. श्रमाने लागणारी आणि फारशी न छळणारी धाप तिथे क्षुद्रश्वास म्हणून वेगळी काढली आहे. ग्रीक वैद्य आरेटियसने धावण्याने किंवा व्यायामाने श्वास कष्टाचा होतो त्या अवस्थेलाच दमा म्हटले. 1698 मध्ये दम्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिणारा इंग्रज वैद्य जॉन फ्लॉयर स्वतः दमेकरी होता आणि व्यायामाने येणाऱ्या झटक्याची नोंद त्यानेही केली आहे.

या निरीक्षणातून काढलेला निष्कर्ष बहुतेक ठिकाणी एकच होता: मुलाला पळू देऊ नका. ‘बाळदमा’ असलेल्या मुलासाठी शाळेत डॉक्टरांची चिठ्ठी जाई, पी.टी.च्या तासाला ते मूल वर्गातल्या दप्तरांची राखण करत बसे, आणि खो-खोच्या संघात त्याचे नाव नसे, याबद्दल कोणाला आश्चर्यही वाटत नसे. याला अपवाद होते. दम्याने बेजार झालेल्या लहानग्या थिओडोर रूझवेल्टला, म्हणजे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या रूझवेल्टला, वडिलांनी शरीर कमावण्यास बजावले आणि न्यूयॉर्कच्या घरातच व्यायामशाळा उभी करून दिली. पण तो एका श्रीमंत घराचा प्रयोग होता. त्यातून वैद्यकीय धोरण बदलले नाही.

ते बदलायला 1960चे दशक उजाडावे लागले. 1962 मध्ये ब्रिटनमधील जोन्स आणि सहकाऱ्यांनी दमेकरी मुलांना प्रत्यक्ष पळवून त्यांच्या फुप्फुसांच्या कार्यातील चढउतार मोजले, आणि व्यायामामुळे श्वासनलिका आवळण्याची प्रक्रिया आकड्यांत दिसू लागली. 1970 मध्ये अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने दमेकरी मुलांच्या खेळातील सहभागाविषयी निवेदन काढले. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील केनेथ फिच आणि मॉर्टन यांनी दाखवून दिले की सगळा व्यायाम सारखा नसतो. धावण्याने जितका त्रास होतो तितका पोहण्याने होत नाही. फिच यांनी 1976 मध्ये प्रसिद्ध केलेला पोहण्याच्या प्रशिक्षणाचा अभ्यास मला या साऱ्या इतिहासातील कळीचा वाटतो. पाच महिन्यांच्या सरावानंतर मुलांची शारीरिक क्षमता वाढली आणि दम्याचा त्रासही कमी झाला, पण धावल्यावर श्वासनलिका आवळण्याची प्रवृत्ती जशीच्या तशी राहिली. मूल तंदुरुस्त झाले, मूळ खोड गेली नाही. या दोन गोष्टी स्वतंत्र आहेत हे तेव्हा स्पष्ट झाले, तरी आजही पालकांना समजावून सांगताना त्यांची गल्लत होते.

श्वसनस्नायूंचा धागा याहून जुना आहे. फुप्फुसांत किती हवा मावते ते मोजणाऱ्या स्पायरोमीटरचे जनक जॉन हचिन्सन यांनी 1846च्या आपल्या निबंधात फुप्फुसांच्या धारणक्षमतेबरोबरच श्वास आत ओढण्याचा आणि बाहेर फेकण्याचा जोरही मोजला होता. पण त्यांनी तपासलेले लोक प्रामुख्याने खलाशी, शिपाई, पोलीस असे प्रौढ पुरुष होते. ही चाचणी दवाखान्यात रूढ झाली ती 1969 मध्ये ब्लॅक आणि हायॅट यांनी 120 निरोगी प्रौढांची सामान्य मूल्ये प्रसिद्ध केल्यानंतर. मुलांची मूल्ये 1980च्या दशकात हाती आली. विल्सन आणि सहकाऱ्यांच्या 1984च्या सूत्रानुसार मुलग्याचे वजन 0.75 ने गुणून त्यात 44.5 मिळवले की अपेक्षित अंतःश्वसन दाब, म्हणजे श्वास आत ओढण्याचा जोर, पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये (दाब मोजण्याच्या एककात) मिळतो. तीस किलोच्या मुलग्यासाठी तो सुमारे 67 येतो.

चाचणी दिसायला सोपी आहे. मूल ताठ बसते, नाकाला चिमटा लावला जातो, ते सगळी हवा बाहेर सोडते आणि मग बंद नळीतून जिवाच्या आकांताने हवा ओढू पाहते. नळीला मुद्दाम एक बारीक छिद्र ठेवतात, नाहीतर मूल छातीऐवजी गालांनीच चोखते आणि आकडा फुगतो. दाब जेमतेम सेकंदभर टिकला तरी पुरतो, पण प्रयत्न मनापासून व्हावा लागतो. पहिल्या दोन खेपांना मूल हसते, तिसऱ्या खेपेला त्याला युक्ती कळते. एका खेपेचा आकडा म्हणून कोणी प्रमाण मानत नाही.

दम्यात या स्नायूंचे काय होते, हा प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या गुंतागुंतीचा आहे. झटक्यात हवा आत अडकून छाती फुगते, छाती आणि पोट यांच्यामधला श्वसनाचा मुख्य स्नायू, म्हणजे श्वासपटल, सपाट होते, आणि आखडलेला स्नायू पूर्ण जोर लावू शकत नाही. दुसरीकडे अरुंद नळ्यांतून वर्षानुवर्षे श्वास ओढणे हा त्याच स्नायूचा एक प्रकारचा व्यायामही आहे. त्यात मूल खेळत नसेल तर अंगातले सगळेच स्नायू ढिले राहतात. कमी आलेला आकडा फुप्फुसाचा की बैठ्या सवयीचा, हे केवळ दाब मोजून सांगता येत नाही, आणि म्हणूनच चालण्याच्या किंवा धावण्याच्या चाचणीची जोड देणे आवश्यक ठरले.

स्नायूंना मुद्दाम कसरत देण्याची कल्पना लीथ आणि ब्रॅडली यांच्या 1976च्या प्रयोगातून पुढे आली; निरोगी माणसांत श्वसनस्नायूंची ताकद आणि टिकाव सरावाने वाढतो, असे त्यांना आढळले. ब्राझीलमध्ये 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 8 ते 12 वर्षांच्या 50 दमेकरी मुलांपैकी निम्म्यांना सात आठवडे असा सराव दिला गेला, आणि त्यांचा सरासरी अंतःश्वसन दाब सुमारे 48 वरून 110 पर्यंत गेला. ही उडी पाहून हुरळण्याआधी एवढे लक्षात ठेवावे, की नळीतून ओढण्याचा सराव केलेले मूल चाचणीच्या नळीतही सराईत होते. वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2013च्या आढाव्यात अशा प्रशिक्षणाचे पाचच अभ्यास बसले, त्यांत 113 रुग्ण होते आणि ते सगळे प्रौढ होते. त्याच वर्षीच्या शारीरिक प्रशिक्षणावरील आढाव्यात मात्र आठ वर्षांवरील 772 जण होते. त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढली, फुप्फुसांच्या कार्याचे आकडे फारसे हलले नाहीत. जवळजवळ चार दशकांपूर्वी फिच यांना पोहणाऱ्या मुलांत जे दिसले होते, त्याच्याशी हे जुळते.