जपानी शिक्षेला ‘सक्तमजुरी’ कधी म्हणायचं?

१ जून २०२५ पासून जपानच्या दंडसंहितेत ‘चोएकी’ आणि ‘किन्को’ या दोन्ही शिक्षा जाऊन त्यांच्या जागी ‘कोकिनकेइ’ ही एकच शिक्षा आली. जपानी कायद्याचा मजकूर मराठीत आणणाऱ्यांची यात मोठी पंचाईत झाली आहे. चोएकीत काम सक्तीचं होतं, किन्कोत नव्हतं. म्हणजे आपली सक्तमजुरी आणि साधी कैद. अशी चपखल जोडी क्वचितच मिळते.

एदो काळातली (१६०३–१८६८) तुरुंगघरं मुख्यतः निकाल लागेपर्यंत माणूस डांबून ठेवण्यासाठी होती. चोएकी आली त्यानंतरच्या मेइजी काळात, १८७२ च्या सुमारास, फटक्यांच्या जागी. तिचं नाव लिहिताना येणाऱ्या पहिल्या चिनी लिपीचिन्हाच्या तळाशी ‘हृदय’ बसलेलं आहे. अर्थ अद्दल घडवणं. दुसरं चिन्ह श्रमाचं.

खरा गुंता किन्कोचा. त्यातल्या ‘को’च्या चिन्हाला धातूचं अंग आहे, कारण मूळ अर्थ वितळलेला धातू ओतून फट बुजवणं. प्राचीन चीनमध्ये हा शब्द माणसाला अधिकारपदाची वाट बंद करण्यासाठी वापरत. १८८० च्या जपानी दंडसंहितेत किन्को दोन प्रकारची होती, जड आणि हलकी, आणि जड किन्कोत काम करावंच लागे! १९०७ च्या संहितेनं ते काढलं. म्हणून १८९० च्या निकालपत्रातली किन्को डोळे झाकून ‘साधी कैद’ करणं चूक आहे. आधी साल पाहायचं, मग शब्द.

१९०७ नंतरची किन्को मुख्यतः राजकीय गुन्हे आणि निष्काळजीपणासाठी होती. हा माणूस चोर-दरोडेखोरांच्या रांगेतला नाही, एवढा मान त्या शब्दात होता. पुढे ती बहुतेक जीवघेण्या अपघातांतल्या वाहनचालकांच्या वाट्याला आली, आणि त्यांतले बरेचसे स्वतःहून अर्ज करून काम मागून घेत. मग भेद कशाला ठेवायचा, हा २०२२ च्या दुरुस्तीमागचा एक युक्तिवाद. तो मला पुरता पटत नाही. काम मागणं वेगळं आणि लादलं जाणं वेगळं. नव्या कलमाची भाषा अशी आहे, की सुधारणेसाठी आवश्यक ते काम ‘करायला लावता येईल’ किंवा आवश्यक मार्गदर्शन करता येईल. कैद्याला नकार देता येतो का, यावर वाद आहे. या शिक्षेला सक्तमजुरी म्हटलं तर तो वाद आपण परस्पर निकालात काढतो; साधी कैद म्हटलं तरी तेच. मी ‘कारावास’ लिहितो. १ जून २०२५ पूर्वीच्या गुन्ह्यांना मात्र जुन्याच शिक्षा लागू आहेत, तिथे चोएकीला सक्तमजुरी हाच शब्द योग्य.

‘कोर्यू’ दोन आहेत, उच्चार एकच. एक ३० दिवसांहून कमी मुदतीची शिक्षा, ती अजून आहे. दुसरी खटल्याआधीची कोठडी. शिकत असताना मी या दुसरीला ‘कैद झाली’ असं लिहून बसलो होतो. त्या माणसावर आरोपपत्रही नव्हतं. पुढे तो सुटला, पण माझ्या मजकुरात तो शिक्षा झालेलाच राहिला. ते अजून सलतं. या कोर्यूला ‘पोलीस कोठडी’ म्हणावं तर आदेश न्यायाधीशाचा, ‘न्यायालयीन कोठडी’ म्हणावं तर माणूस बहुधा पोलिसांच्याच ताब्यात, आणि चौकशी रोज चालू. अटकेचे तीन दिवस धरून आरोपपत्राआधी एका आरोपाखाली हे साधारणतः २३ दिवसांपर्यंत चालू शकतं. तिथे मी नुसतं ‘कोठडी’ लिहितो, आणि जागा कोणाची, आदेश कोणाचा, ते पुढच्या वाक्यात सांगतो.