मृत क्षेत्र, किनारी सागरी : नैसर्गिक कारणे

किनाऱ्यालगतच्या ज्या समुद्रभागात विरघळलेल्या ऑक्सिजनाचे प्रमाण लिटरमागे साधारणतः २ मिग्रॅ.पेक्षा कमी होते, त्यास मृत क्षेत्र म्हणतात. शेतीतील खते व सांडपाणी ही त्याची परिचित कारणे होत. तथापि पेरू, नामिबिया व पश्चिम भारत यांच्या किनाऱ्यांवर ही स्थिती मुख्यत्वे निसर्गतः उद्भवते. यांपैकी भारतीय क्षेत्राचा विस्तार सुमारे १.८ लाख चौ. किमी. मानला जातो.

अरबी समुद्र उत्तरेकडे जमिनीने बंदिस्त असल्याने त्याच्या मधल्या थरांत ताजे पाणी कमी पोहोचते आणि वरून पडणाऱ्या सेंद्रिय द्रव्याच्या विघटनात असलेला ऑक्सिजनही खर्च होतो; त्यामुळे सुमारे १५० ते १,००० मी. खोलीवर त्याची कायम तूट असते. नैर्ऋत्य मोसमी काळात किनाऱ्यालगतचे पृष्ठजल दक्षिणेकडे वाहते, त्याखालील अंतःप्रवाह उत्तरेकडे जातो आणि खालचे थंड, ऑक्सिजन-न्यून पाणी वर सरकून भूखंडमंचावर (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावर) पसरते. पेरू वा नामिबियात असे पाणी पृष्ठापर्यंत येऊन हवेच्या संपर्कात येते. कोकण व कर्नाटकापुढे मात्र पाऊस आणि सह्याद्रीतील नद्यांच्या गोड्या पाण्याचा अवघा ५ ते १० मी. जाडीचा हलका थर त्यावर झाकणासारखा बसतो. पोषकद्रव्यांमुळे वर वाढलेले प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्मजीव) खाली कुजते. ऑक्सिजन संपल्यावर जीवाणू प्रथम नायट्रेट आणि नंतर सल्फेट वापरतात. सल्फेटापासून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू बनतो, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात तो तळाशी आढळतो. या काळात नायट्रस ऑक्साइड या हरितगृह वायूचीही मोठी निर्मिती होते. हिवाळ्यात प्रवाह उलटल्यावर पाणी पुन्हा ऑक्सिजनयुक्त होते.

या स्थितीच्या तीव्रतेविषयी मतभेद आहेत. समुद्रशास्त्रज्ञ नक्वी व सहकाऱ्यांनी २००० मध्ये, नद्यांतून येणाऱ्या वाढत्या नायट्रोजनामुळे ती अलीकडे बळावली असावी, असे मत मांडले. परंतु मुंबईपुढे न्यूनतम ऑक्सिजनाचा थर किनाऱ्याकडे चढत येतो आणि त्याचा मासेमारीवर परिणाम होतो, हे कॅरथर्स व सहकाऱ्यांनी १९५९ मध्येच नोंदविले होते. बान्झे यांनीही त्याच सुमारास नैर्ऋत्य किनाऱ्यावरील तळमाशांच्या संदर्भात असेच निरीक्षण मांडले. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोव्यातील कांदोळीपुढे १९९७ पासून चालविलेल्या निरीक्षणांत वर्षागणिक मोठा फरक दिसतो. हिंदी महासागरातील धन द्विध्रुवाच्या (महासागराचा पश्चिम भाग पूर्वेच्या तुलनेत नेहमीपेक्षा उबदार असण्याच्या) वर्षी किनाऱ्यालगतचे उबदार पाणी अधिक खोल जाऊन पूर्ण ऑक्सिजनहीनता टळते, असे २०१७ च्या एका अभ्यासात दाखविले आहे. त्यामुळे मूळ कारण नैसर्गिक व मानवी प्रभाव दुय्यम मानणे अधिक सयुक्तिक दिसते.